दोन पोरं, चार वर्षं

अंतरवाली सराटी हे नाव 2023 सालापर्यंत अंबड तालुक्याबाहेर फारसं कुणी ऐकलं नव्हतं. त्या वर्षी 29 ऑगस्टला तिथं मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गाव देशभर पोचलं. मी याच पट्ट्यातला. आरक्षणाची चर्चा पारावर रंगली की एक वाक्य हमखास येतं : ‘एनडीएत कुठंय आरक्षण? तिथं फक्त गुणवत्ता चालते.’

वाक्य खरं आहे. एनडीएत जातीनुसार जागा राखीव नसतात. लेखी परीक्षा 900 गुणांची, एसएसबीची मुलाखतही 900 गुणांची. लटकत्या दोराला जात कळत नाही. प्रश्न असा, की दोर सगळ्यांना सारखा आहे एवढ्यावर न्याय झाला म्हणायचं का?

समजा, एकाच गावातली दोन पोरं आहेत. दोघांच्या घरी चार-चार एकर कोरडवाहू. दोघं सारखीच हुशार, सारखीच काटक. एकाचा मामा संभाजीनगरला राहतो. दहावी झाल्या झाल्या मामा सांगतो, ‘इथं सरकारची एसपीआय आहे, अर्ज भर.’ दुसऱ्याला मामा नाही. तो पहाटे पाचला वडीगोद्रीच्या रस्त्यावर सोळाशे मीटर पळतो.

अठराव्या वर्षी पहिला खडकवासल्याला जातो, दुसरा अग्निवीर होतो. पहिल्याची एनडीएची तीन वर्षं आणि देहरादूनचं एक, अशी चार वर्षं होतात आणि तो लेफ्टनंट होतो. दुसऱ्याचीही चार वर्षं होतात. 2022 च्या योजनेप्रमाणे शंभरातले फार तर पंचवीस कायम होतात. बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन बाविसाव्या वर्षी पुन्हा अर्ज भरायला लागतात. चार वर्षं दोघांचीही गेली. एकाची तिथून सुरू झाली, दुसऱ्याची तिथंच संपली.

पहिल्यानं कुणाचं काही हिसकावलेलं नाही. इंग्रजी-हिंदीतली प्रश्नपत्रिका मराठी माध्यमातून येऊन सोडवणं, पाच दिवस एसएसबीच्या नजरेखाली वावरणं, हे सगळं त्यानं स्वतः केलंय. पुढंही त्याची वाट सोपी नाही. लेफ्टनंट कर्नलपर्यंत सेवेच्या वर्षांवर बढती मिळते. कर्नल व्हायचं तर निवड मंडळातून जावं लागतं आणि तिथं अनेकजण थांबतात. कर्नल झाला तरी चोपन्नाव्या वर्षी घरी. तेव्हा त्याच्या खांद्यावरचे तारे त्याचेच.

पण मामा त्यानं कमावलेला नव्हता.

गुणवत्ता आपोआप उगवत नाही, हे सरकारलाही ठाऊक होतं. सैन्यात मराठी अधिकारी कमी दिसतात म्हणून तर राज्य सरकारनं 1977 मध्ये औरंगाबादला एसपीआय काढली. मुलींचं उदाहरण याहून बोलकं आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये आदेश दिला, तोवर एनडीएचं दार मुलींना बंद होतं. 2025 च्या मे महिन्यात 17 मुली तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्याआधीच्या सात दशकांत या देशात एकही लायक मुलगी जन्मली नव्हती का? आपण ज्याला गुणवत्ता म्हणत होतो, ती दारातून आत सोडलेल्यांमधली गुणवत्ता होती.

यावर कुणी म्हणेल, सगळेच अधिकारी होऊ शकत नाहीत. बरोबर आहे. सैन्याला जवान जास्त लागतात, अधिकारी कमी. म्हणूनच मला वाटतं, गुणवत्तेनं एवढंच ठरवावं की तुकडीच्या पुढं कोण चालेल. कुणाचं आयुष्य किती मोलाचं, हे तिनं ठरवू नये. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनला कर्तव्यावर असताना गेला. अशा घराला विम्याची आणि इतर एकरकमी मदत मिळते, पण नियमित जवानाच्या घराला मिळतं तसं कुटुंब निवृत्तिवेतन नाही. सियाचीनच्या बर्फानं मात्र कुणाचा करार किती वर्षांचा आहे, हे विचारलेलं नसतं.

देहरादूनच्या अकादमीत चेटवूड हॉल आहे. तिथं अधिकाऱ्याच्या कर्तव्यांचा क्रम लिहिलाय : आधी देश, मग हाताखालचे जवान, शेवटी स्वतः. मला हा क्रम गुणवत्तेचा खरा अर्थ वाटतो. ज्याला जास्त मिळालं, त्यानं रांगेत शेवटी उभं राहायचं. मग तो वडीगोद्रीच्या रस्त्यावर पळणारा पोरगा त्या रांगेत दुसऱ्या नंबरवर येतो. हा क्रम फक्त अधिकाऱ्यांनी का पाळायचा? त्यांना टाळ्या वाजवणाऱ्या आपण का नाही?

एनडीएसाठी वयाची खिडकी साडेसोळा ते साडेएकोणीस. ती बंद झाल्यावर कळून उपयोग नाही. तुमच्या ओळखीचं कुणी यंदा दहावीला असेल, तर त्याचा किंवा तिचा मामा व्हायला फोनवर पाच मिनिटं पुरतात.