मुदत संपते, हक्क संपत नाही

जमिनीच्या व्यवहारातील एक नेहमीचा प्रसंग विचारात घ्या. साठेखत झाले, इसार दिला गेला, खरेदीखत मात्र लांबले. दरम्यान जवळून रस्ता गेला, भाव वाढला आणि विकणारा टाळाटाळ करू लागला. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार केवळ साठेखताने मालकी बदलत नाही. खरेदीदार करारपूर्तीचा दावा लावू शकतो. परंतु १९६३ च्या मुदत कायद्याने त्यासाठी ३ वर्षे दिली आहेत. ती ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरली नसेल तर नकार कळल्यापासून मोजतात. गोड बोलून तेवढा काळ उलटू दिला, की दावा मुदतबाह्य ठरतो.

अशा रीतीने राखलेली जमीन हलाल ठरते काय?

मुदतीच्या कायद्याला दोष देण्याचे कारण नाही. साक्षीदार मरण पावतात, कागद गहाळ होतात. वादांना कोठेतरी अंत हवा. पण मुदत न्यायालयाचे दार बंद करते, दिलेला शब्द पाळला गेला असे ती म्हणत नाही. हनफी फिक्हवर आधारलेल्या उस्मानी ‘मजल्ला’ या संहितेने हा भेद १६७४ व्या कलमात स्पष्ट केला आहे: काळ लोटल्याने हक्क नष्ट होत नाही. प्रतिवादीने न्यायाधीशासमोर समोरच्याचा हक्क स्वतःहून मान्य केला, तर मुदत उलटूनही त्याप्रमाणेच निवाडा द्यावा, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे ज्याला सत्य ठाऊक आहे, त्याला मुदतीचा आडोसा नाही.

करार पूर्ण करा, हा दिव्य कुरआनचा (सूरह अल्-माइदा, आयत १) स्पष्ट आदेश आहे. दुसऱ्याचे धन गिळण्यासाठी न्यायाधिकाऱ्यांचा वापर करू नका, असे सूरह अल्-बकराची १८८ वी आयत बजावते.

माननीय उम्मे सलमा (रजि.) यांनी कथन केलेली हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. वारशाच्या जुन्या वादात दोन माणसे अल्लाहच्या प्रेषितांकडे (स.) आली, पुरावा कोणाकडेच नव्हता. प्रेषितांनी (स.) समजावले की, मीही माणूस आहे, ऐकतो त्यावरून निवाडा देतो, ज्याला त्याच्या भावाचा हक्क मिळेल, त्याने तो घेऊ नये, तो अग्नीचा तुकडा आहे. हे ऐकून दोघे रडू लागले आणि आपला हक्क एकमेकांना देऊ लागले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना न्यायाने वाटणी करून, चिठ्ठ्या टाकून, एकमेकांना माफ करण्यास सांगितले.

प्रत्यक्ष प्रेषितांच्या (स.) निवाड्यानेही परका हक्क हलाल होत नसेल, तर दिवाणी न्यायालयाच्या निकालाने तो कसा होईल?

हा जाब खरेदीदारालाही आहे. थोडा इसार देऊन दुसऱ्याची जमीन अडकवून ठेवणे आणि उरलेली रक्कम चुकवणे, हाही करारभंगच होय.

आपल्या कपाटात असे एखादे अपूर्ण साठेखत असेल, तर ते आज बाहेर काढा. समोरच्याला बोलवा, खरेदीखत करून द्या किंवा त्याच्या राजीखुशीने तडजोड करा. तो हयात नसेल, तर त्याच्या वारसांना गाठा. अल्लाहच्या दरबारात हा दावा कधीही मुदतबाह्य होत नाही.