निष्पापपणाची अट

अन्यायाची कथा सांगताना लेखक बहुधा निष्पापाला पुढे करतो. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या अमेरिकन कादंबरीतला मॉकिंगबर्ड असाच आहे. तो कुणाचे काही बिघडवीत नाही, नुसता गातो. म्हणून त्याला मारणे पाप. खोट्या आरोपात गोवलेला कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सन त्या पक्ष्याच्याच जातीचा, आणि ही हकीकत सांगते एक लहान मुलगी.

आपल्याकडे हरि नारायण आपट्यांनी सत्तर वर्षे आधी हे केले होते. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येऊ लागली. तीत यमू आपल्याच तोंडाने बालपणापासूनची कहाणी सांगते. तिचे केस हे मला त्या कादंबरीतले निष्पापपणाचे चिन्ह वाटते. वैधव्यानंतर शंकरमामंजी बळजबरीने तिचे केशवपन करवितात, तेव्हा आजही वाचक पुस्तक क्षणभर मिटून ठेवतो.

पण इथेच मला एक प्रश्न छळतो. यमू गुणी, सोशिक म्हणून आपले डोळे भरून येतात. ती तोंडाळ, हट्टी, चुकलेलीही असती, तर तिच्या डोक्यावरचा वस्तरा न्याय्य ठरला असता काय? निष्पापपणा ही दयेची अट असेल, न्यायाची नव्हे.

मी राहतो त्या सुरतेच्या कवी नर्मदाने १८६० मध्ये मुंबईत जदुनाथजी महाराजांशी विधवाविवाहावर जाहीर वाद घातला, आणि पुढे स्वतः एका विधवेशी विवाह केला. मुंबईत १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन न करण्याचा ठराव केला. ‘सुशील विधवांचे’ अशी मेख त्यात नव्हती. ज्यांच्या हाती वस्तरा, त्यांनीच तो खाली ठेवायचे ठरविले.

आमच्या उधना-लिंबायतकडे लूमवरच्या एखाद्या कारागिरावर चोरीचा आळ आला, की आपण मराठीत विचारतो, “माणूस कसा आहे?” गुजराती शेजारी विचारतो, “माणस केवो छे?” प्रश्न दोन्ही भाषांत एकच, आणि दोन्हींत अपुरा. तो भला नसला, तरी पुराव्यावाचून त्याला मार पडू नये, हे आपण कधी लक्षात घेणार?