'आम्ही जिंकलो' म्हणताना

सामना संपतो आणि प्रेक्षक म्हणतो, "आम्ही जिंकलो." मैदानावर धावले अकरा जण, गुडघे फोडून घेतले त्यांनी, आणि शेंगा सोलीत बसलेला गृहस्थ घरी येऊन सांगतो की आम्ही जिंकलो! तर्काच्या कसोटीवर हे विधान क्षणभरही टिकणार नाही. तरीही ते निखालस खोटे आहे असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. ज्या कर्तृत्वात आपला कणभरही वाटा नाही त्याचा अभिमान बाळगणे नीतीला धरून आहे काय? हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबाचा इतिहास वाचताना.

या क्लबाचा जन्मच मुळी एका अवहेलनेतून झाला. २८ जुलै १९२० रोजी मोहन बागान आणि जोडाबागान यांचा सामना होता. जोडाबागानने शैलेश बोस या खेळाडूस ऐनवेळी वगळले. पूर्व बंगालचा म्हणून त्याला डावलले, अशी भावना झाली आणि जोडाबागानचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी त्या क्लबातून बाहेर पडले. अवघ्या चार दिवसांत, १ ऑगस्ट रोजी, नवा क्लब उभा राहिला. त्याला नाव दिले एका प्रदेशाचे. पुढे १९४७ साली तो प्रदेशच परदेश झाला.

त्यानंतर लक्षावधी माणसे सरहद्द ओलांडून आली. जादवपूर, विजयगडसारख्या निर्वासितांच्या वसाहतींत मिळेल तशा छपराखाली राहिली. घर, तळे, नदी, शेत सारे पलीकडे राहिले. अलीकडे उरले ते 'ईस्ट बंगाल' हे नाव अभिमानाने मिरवणारे एक लाल-सोनेरी निशाण. शहरातील जुने रहिवासी 'घोटी' आणि हे नवागत 'बांगाल'. त्यांचा मोहन बागान, यांचा ईस्ट बंगाल. त्यांच्या विजयाला कोळंबी, यांच्या विजयाला हिलसा. बाजारात माशाचा भाव सामन्याच्या निकालावर चढतो-उतरतो, असे कोलकातेकर हसत सांगतात. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकच्या क्रीडांगणात सुमारे १ लाख ३० हजार माणसे जमली होती. बायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगाल ४-१ असा जिंकला. २००३ साली जाकार्ता येथे हाच संघ आसियान देशांच्या क्लबांचा विजेता ठरला. ज्यांनी ढाका वा बारिसाल कधी डोळ्यांनी पाहिले नाही, अशा तिसऱ्या पिढीच्या मुलांनीही त्या रात्री 'आम्ही' म्हटले असणार.

पण मौज पुढेच आहे. या क्लबाचे सुवर्णयुग मानतात ते १९४९ ते १९५३ या काळाला. त्या आघाडीच्या पाच खेळाडूंना लोक 'पंचपांडव' म्हणत: व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. १९४९, १९५० आणि १९५१ अशी लागोपाठ तीन वर्षे आय. एफ. ए. शील्ड त्यांच्या काळात जिंकली गेली. या पाचांत बंगाली एकही नव्हता, सारे दक्षिणेकडचे. उलट १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून जो इतिहास घडविला, त्या संघात पूर्व बंगालचे खेळाडू बरेच होते. तेव्हा 'आम्ही'चा आधार रक्त नव्हे, जन्मभूमीही नव्हे.

आम्हांला याचे नवल वाटू नये. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्या विजयांच्या कथा इंदूरच्या मराठी वाड्यांत अजूनही सांगितल्या जातात. त्याचे कर्णधार सी. के. नायडू नागपुरात जन्मलेले तेलुगू गृहस्थ होते, हे कोणाच्या आड आले नाही. (१९४५-४६ चा अंतिम सामना होळकरांनी बडोद्याविरुद्ध जिंकला, याबद्दल बडोदेकर वाचकांनी क्षमा करावी, पुढच्याच वर्षी त्यांनी सव्याज परतफेड केली आहे.)

मग हा आधार कोणता? आम्हांला वाटते, 'आम्ही' हा शब्द कमावलेला नसतो, तो पत्करलेला असतो. आणि पत्करायचा तर जमेच्या बाजूबरोबर नावेची बाजूही आलीच. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे हरविले. त्या दुःखाने मोहन बागानच्या एका तरुण पाठीराख्याने जीव दिला. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात पाठीराख्यांची दंगल झाली आणि १६ प्रेक्षक मरण पावले. पाच गोल 'आम्ही' केले म्हणणाऱ्याने त्या दिवशी 'काही समाजकंटकांनी' दंगल केली असे म्हणावे काय? १८ ऑगस्ट २०२४ रोजी, एका डॉक्टर तरुणीच्या हत्येने शहर पेटलेले असताना, दोन्ही संघांचा ठरलेला सामना रद्द झाला आणि दोन्ही बाजूंचे पाठीराखे खांद्याला खांदा लावून रस्त्यावर उतरले. तो 'आम्ही' १९२० पासूनच्या कोणत्याही विजयातल्या 'आम्ही'पेक्षा मोठा होता, असे आमचे मत आहे.

हे सारे लिहीत असता एक जुना प्रसंग आठवतो. आमच्या शेजारी एक बंगाली कुटुंब राहत असे. तेथील आजीबाई नातवाला निजवताना जे अंगाईगीत म्हणत, त्यात मूल झोपले आणि 'बर्गी' आले, असे काहीसे होते. बर्गी कोण, असे आमच्या घरातील मुलीने विचारले. बर्गी म्हणजे मराठे. १७४२ ते १७५१ या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या ज्या फौजांनी बंगालची गावे लुटली, जाळली, त्या फौजा. आजीबाई संकोचल्या, आमच्याकडे पाहून हसल्या. "ते भोसल्यांचे सैन्य होते, आमचा त्याच्याशी काय संबंध," असे आम्ही मुलीला तत्परतेने सांगितले. अटकेपार झेंडे लावल्याची गोष्ट तिला त्यापूर्वी कित्येकदा सांगितली होती. ती फौज राघोबादादांची होती, आमचा काय संबंध, असे तेव्हा एकदाही म्हटल्याचे आठवत नाही.