सरवा कोणाचा?

ज्याला आपण टाकाऊ म्हणतो, ते खरोखरच कोणाचे नसते काय? हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला तो वर्धा जिल्ह्यातील पऱ्हाटीने. कापसाची वेचणी संपल्यावर शेतात उरलेल्या वाळक्या झाडांना तिकडे पऱ्हाटी म्हणतात. त्यांतील बरीचशी पेटवून दिली जाते. विज्ञान मात्र सांगते की, या काडीतही कापसातलेच सेल्युलोज असते. ते वेगळे काढून, त्यावर प्रक्रिया करून त्याच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंफल्या की ‘हायड्रोजेल’ तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही. पाणी पिऊन फुगते आणि माती सुकू लागली की ते पाणी मुळांना हळूहळू देते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘पुसा हायड्रोजेल’ सेल्युलोजवरच आधारलेले असून ते स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३५० पट शुद्ध पाणी शोषते. पावसाने ओढ दिली असता कोरडवाहू शेतकऱ्याला याचे मोल काय, हे सांगायला नको.

तरीही या आनंदात एक गोष्ट विसरता कामा नये. तीच पऱ्हाटी मजूर स्त्रियांच्या चुलीचे सरपण आहे, आणि बारीक करून मातीत मिसळली तर खतही आहे. उद्या कारखान्याने तिला भाव दिला, तर कालपर्यंत फुकट मोळी नेणाऱ्या बाईला बांधावर कोण येऊ देईल? टाकाऊ वस्तू मौल्यवान ठरली की पहिला तोटा तिच्यावर जगणाऱ्याचा होतो.

जुन्या करारातील नियमशास्त्राने हे ओळखले होते. शेताच्या कडा कापू नयेत, पडलेली कणसे मालकाने वेचू नयेत. ती गरिबांसाठी व परक्यांसाठी. बवाजाच्या शेतात रूथने सरवा वेचला, त्यामागे बवाजाची दया होतीच. पण त्याआधी तो तिचा हक्क होता.

वर्ध्याच्या भूमीला हा विचार नवा नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची धुरा मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा या ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाने वाहिली. निसर्गाचा साठा उपसून जगणे वेगळे आणि त्याच्या चक्रात राहून जगणे वेगळे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले.

म्हणून आम्हांस वाटते, हायड्रोजेल जरूर व्हावे; पण आगीत जाणारी पऱ्हाटी त्यासाठी प्रथम घ्यावी. मातीचा वाटा मातीला राहावा, दुसरे इंधन हाती येईपर्यंत चुलीचा वाटा चुलीला मिळावा. आणि तयार झालेले जेल, परवडेल अशा किमतीत, सर्वांआधी त्याच शेतकऱ्याच्या सरीत पडावे.