उद्याच्या भावाची काळजी

उद्याची चिंता सोडा, हे प्रभू येशूचं सांगणं जुन्नर-आंबेगावात पचायला अवघड आहे. नारायणगावच्या बाजारात आज टोमॅटोच्या क्रेटला भाव असतो, आणि कधी असा पडतो की तोडणीची मजुरीही सुटत नाही. द्राक्षमण्यात गोडी भरत असते नि नेमकं आभाळ येतं. अशा घरात निश्चिंत राहा म्हणणं म्हणजे, खरं सांगायचं तर, थोडं आगाऊपणाचंच वाटतं.

पण आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाई आठवा. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. इतक्या जणींना जेवू काय घालायचं, हा प्रश्न रोजचाच. त्या गुडघे टेकून देवाकडे मागत. आणि उठून विहिरी खणून घेत, मळा पिकवत, मुलींना शिकवत, हाताला काम देत. विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं मानणाऱ्यांनी केडगावच्या विहिरी पाहाव्यात. चिंता सोडा सांगताना येशूने दाखवलेली पाखरंसुद्धा पहाटेच घरट्याबाहेर पडतात!

मग भावाचं काय? तो आपल्या हातात नाही. तो देवाला सांगून मोकळं व्हावं. फवारणी, खुडणी, पाण्याची पाळी मात्र आपली. आणि बिबट्याच्या भीतीने शेजारी रात्री मोटर चालू करायला एकटा कचरत असेल, तर आज बॅटरी घेऊन त्याच्यासोबत जा.