आरीच्या टोकापासून अक्षरापर्यंत

कल्पनाशक्ति म्हणजे रिकाम्या मनाचें मनोराज्य, असें पुष्कळांस वाटतें. परंतु निवासमंडपाचा कारागीर बसालेल याला देवानें आपल्या आत्म्यानें भरलें, तें सोनें, लांकूड व पाषाण यांत कुशलतेचीं कामें योजावीं म्हणून, असें शास्त्र सांगतें. जें अद्यापि नाहीं तें मनांत पाहणें, हें देवाचें दान आहे.

फ्रान्स देशांतील कूव्रे गांवीं १८०९ सालीं लुई ब्रेल जन्मला. बाप खोगिरें करीत असे. तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्यांत बापाचें टोकदार हत्यार लागलें, आणि पुढें दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेंत त्याला शार्ल बार्बिये यांची उठावाच्या टिंबांची लिपि मिळाली. पण तिच्या एका चिन्हास बारापर्यंत टिंबें लागत, तीं बोटाच्या एका स्पर्शांत मावत नसत. लुईनें डोळ्याच्या नव्हे, बोटाच्या मापानें लिपि कल्पिली. १८२४ सालीं, पंधराव्या वर्षीं, त्यानें सहा टिंबांत सर्व अक्षरें बसविलीं. टोकदार हत्यारानें दृष्टि नेली. टोकदार लेखणीनेंच त्यानें वाचनाची वाट उघडली. १९५१ सालीं आपल्या देशांत याच सहा टिंबांवर भारती ब्रेल लिपि ठरली; आज मराठीहि तींत वाचतां येतें.

म्हणून घरांत अंध लेंकरूं असेल, तर "हें काय करणार?" असें म्हणूं नका. त्याला शाळेंत घाला, हातीं काम द्या, त्याचे प्रश्न ऐका. जी वाट डोळसांना सुचली नाहीं, ती कदाचित् देवानें त्याच्याच मनांत ठेविली असेल.