कार्पेटचं कुंकू

सांगलीच्या एक आजी सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यू जर्सीला गेल्या. एडिसनमधलं ते घर चांगलं ऐसपैस होतं आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे दिवाणखाना, जिना, झोपायच्या खोल्या, सगळीकडे भिंतीला भिडवून ठोकलेलं फिकट बदामी कार्पेट होतं. सतरंजी असती तर गच्चीवर नेऊन झटकली असती, हे उचलायचीच सोय नाही. त्यात घरात शाळकरी नात आणि नुकता चालायला लागलेला नातू. दाराजवळ आणि जिन्यात काळपट पट्टे पडले होते, जेवणाच्या टेबलाखाली वरणभाताच्या खुणा होत्या, आणि आजी पोचल्या त्याच आठवड्यात हळद घातलेल्या दुधाचा पेला दिवाणखान्याच्या मधोमध लवंडला.

"आता मशीन घ्यायचंच," मुलगा म्हणाला.

मुलगा पेशाने इंजिनिअर. त्याने लॅपटॉपवर तक्ता मांडला. ढकलत न्यायची मोठी मशिनं, हातात उचलून न्यायची छोटी मशिनं आणि सुपरमार्केटमधून दिवसाच्या भाड्याने मिळणारी मशिनं. मोटार किती अँपिअरची, टाकी किती गॅलनची, ब्रश किती, नळी किती लांब. रोज रात्री जेवणं झाली की तक्त्यात एखादा रकाना वाढायचा.

"मोठं घेतलंस तर ठेवणार कुठे?" सुनेने विचारलं. "गॅरेजमध्ये ट्रेडमिल आहे, आणि त्याच्यावर कपडे वाळतात."

"होईल जागा. घ्यायचं तर दणकटच घ्यावं."

आजी इतके दिवस नुसत्या ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, पण काढायचंय काय?"

"मळ, आई. दुसरं काय?"

"कसला मळ?"

मुलाला हसू आलं. मळाला कुठे जाती असतात!

मराठी मंडळातल्या एका मित्राकडे असंच दणकट मशीन होतं. विकत घेण्याआधी वापरून पाहावं, म्हणून शनिवारी मुलगा ते गाडीत घालून घेऊन आला. गरम पाणी भरलं, बाटलीवर लिहिलं होतं त्याच्या दुप्पट शाम्पू ओतला आणि दाराजवळून सुरुवात केली. मुठीतला खटका दाबला की पाणी फवारलं जायचं, सोडला की नुसतं ओढलं जायचं. एकदा फवारून दोन-तीनदा कोरडं ओढायचं, अशी खरी रीत. याने खटका दाबला तो सोडलाच नाही. मळक्या पाण्याची टाकी काळीकुट्ट होऊन भरली, तसा त्याला आणखीच हुरूप आला. "बघ आई, किती निघतंय!"

मग मशीन हळदीच्या डागावर आलं. एकदा पुढे, एकदा मागे, आणि पिवळा डाग बघता बघता लाल झाला.

सून स्वयंपाकघरातून धावत आली. "अरे, रक्त कुणाचं हे? बाळ कुठाय?"

बाळ आजीच्या कडेवर होतं, आणि आजींना हसू आवरत नव्हतं. "कार्पेटला कुंकू लावलंस की रे!"

आजींच्या माहेरी हळदीची अडत. हरिपूरच्या पेवांतून, म्हणजे जमिनीखालच्या खोल कोठारांतून, वर येणारी हळद त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. "हळदीला क्षार लागला की ती लाल होते," त्यांनी सांगितलं. "चुन्याने होते, सोड्याने होते, तुझ्या त्या साबणाने पण झाली. कुंकू तसंच तर करतात. आंबट लावलं की परत पिवळी पडते आणि तो पिवळेपणा ऊन खाऊन टाकतं. हळदीच्या दिवशीचं धोतर कुणी घासत बसतं का? उन्हात टाकतात."

दोन दिवस कार्पेट ओलं राहिलं. घरात कुबट वास भरला. वाळलं तेव्हा दाराजवळचा काळा पट्टा होता तिथेच होता, वर पायाला चिकट लागायला लागला. कोरडी धूळ आधी न काढता त्यावर पाणी मारल्याने तिचा चिखल होऊन तो खाली मुरला होता, आणि जास्तीचा साबण तंतूंत राहून नवी धूळ धरत होता.

तिसऱ्या दिवशी आजींनी कपाटातला जुना व्हॅक्यूम काढला. जिन्याला अजून पाणी लागलं नव्हतं. एकच पायरी घेतली आणि तिच्यावरून तो अगदी सावकाश फिरवला, उभा, मग आडवा. खालची पायरी मुद्दाम तशीच ठेवली. मग मुलाला हाक मारली. वरची पायरी बदामी होती आणि खालची राखाडी. डबा कागदावर उपडा केला तर राखेसारखी बारीक धूळ, केस, वाळू आणि पांढरे खडे निघाले.

"हे मीठ आहे," मुलगा म्हणाला. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात. बुटांना लागून ते घरात आलं होतं.

तेवढ्यात नात म्हणाली, "आजी, व्हॅक्यूम बनवणाऱ्या माणसाला झाडताना खूप त्रास व्हायचा, आम्ही शाळेत वाचलं." गोष्ट खरी होती. ओहायोतल्या कॅन्टन गावात जेम्स स्पँगलर एका दुकानात झाडलोट करायचा. त्याला दमा होता आणि झाडलेली धूळ नाकातोंडात जायची. 1907 मध्ये त्याने पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून धूळ ओढणारं यंत्र केलं आणि 1908 मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

"बघ," आजी मुलाला म्हणाल्या, "त्याला काय काढायचंय ते ठाऊक होतं. म्हणून अभ्र्यावर भागलं."

त्या दुपारी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी घालून आजींनी आधी सोफ्यामागच्या कोपऱ्यात लावून पाहिलं. कार्पेटचा रंग उतरत नाही अशी खात्री झाल्यावर पांढऱ्या फडक्याने डाग टिपला, घासला नाही. लाल पुन्हा पिवळा झाला. मग अंगणाकडचं सरकतं दार उघडून सोफा बाजूला ओढला आणि डागावर ऊन घेतलं. काही दुपारी गेल्यावर डाग शोधावा लागू लागला.

मुलाने तक्ता पुसून नवा मांडला. या वेळी पहिला रकाना मळाचा होता. दाराजवळची आणि जिन्यातली धूळ: तिला घरातला व्हॅक्यूम, दारात जाड पायपुसणं आणि बूट बाहेर. नातवाची रोजची सांडलवंड: तिला उचलून नेण्याजोगं छोटं मशीन, कारण डाग ओला असतानाच गाठायचा असतो आणि तेवढ्यासाठी कुणी गॅरेजमधून अवजड मशीन ओढून आणत नाही. खोलवरची धुलाई: ती 12 ते 18 महिन्यांतून एकदा, गरम पाण्याचं मशीन घेऊन येणाऱ्या माणसाकडून. तिकडच्या कितीतरी कार्पेट कंपन्या वॉरंटीसाठी तशी अटच घालतात. हळदीला आंबट आणि ऊन. मोठ्या मशीनला द्यायला काही कामच उरलं नाही.

मंडळाच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत एकाने मुलाला गाठलं. "तू बराच अभ्यास केलास म्हणे. कुठलं मॉडेल घेऊ?"

"तुमच्याकडे सांडतं काय?" मुलाने विचारलं. "आणि कुत्रं आहे का घरात?"

तात्पर्य: मशीन किती जोरकस हे दुकानदार सांगेल, आपल्या घरात मळ कसला आहे, ते आपल्यालाच पाहावं लागतं.